एकीला जाऊ?

नाशिकमध्ये डिसेंबर लागला की दोन गोष्टींची चर्चा सुरू होते: निफाडला पारा किती उतरला आणि कुठल्या प्लेग्रुपचे फॉर्म सुटले. पहिल्या चर्चेत खोटं बोलायला वाव नसतो, कारण आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. दुसऱ्या चर्चेत मात्र एरवी सभ्य, हप्ते वेळेवर भरणारी, पोलीस नसतानासुद्धा मायको सर्कलच्या सिग्नलला थांबणारी माणसं ठार खोटं बोलतात. तेही लेखी.

फॉर्म चार पानी असतो. बाळाचा रक्तगट, लसी, ॲलर्जी, आईचं शिक्षण, बापाचं शिक्षण, घरी कुठली भाषा बोलता वगैरे निमूट भरत आपण तिसऱ्या पानावर येतो. तिथे एक प्रश्न दबा धरून बसलेला असतो. इज युअर चाइल्ड टॉयलेट ट्रेन्ड? पुढे दोन चौकोन, येस आणि नो. ‘प्रयत्न चालू आहेत’ असा तिसरा चौकोन नसतो. ‘आजी घरी असेल तर’, ‘पाहुणे आले नसतील तर’, ‘टीव्ही बंद असेल तर’ यांना तर जागाच नाही. ‘नो’वर खूण करणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. आमच्या घरी खूण बायकोने केली, पेन माझं होतं. ज्यांच्याबद्दल ही ग्वाही दिली जात होती ते चिरंजीव त्या वेळी पडद्यामागे उभे होते. अंग पडद्याआड, चेहरा बाहेर, नजर शून्यात. अडीच वर्षांच्या आतबाहेरचं मूल घरात असलेल्या कुणालाही ही मुद्रा ओळखू येते. त्या क्षणी त्याला हाक मारू नये, आणि मारली तरी उपयोग नसतो.

फॉर्म जानेवारीत भरायचा आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. म्हणजे ही ‘येस’ हा पुढच्या तारखेचा चेक. वटेल तेव्हा वटेल.

गंमत अशी, की शाळेला नेमकं काय हवंय ते फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. मुलाने सांगायला हवं, हे समजू शकतो. पण आधी सांगायचं की नंतर? झाल्यावर सांगणं हेही सांगणंच असतं, आणि आमचे चिरंजीव त्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक होते. एकदाही बातमी दडवली नाही. चड्डी स्वतःची स्वतः काढता आली पाहिजे का? काढता आली तर परत घालताही आली पाहिजे का? धुणं कुणाकडे? आणि कुठल्या भांड्यावर? घरच्या कमोडवर बसणारं मूल मावशीच्या घरच्या कमोडवर बसत नाही, कारण तिथला फ्लश निराळा ओरडतो. हे सगळे पोटप्रश्न त्या एका चौकोनात कोंबून आपण खाली सही करतो.

सही झाली की सोसायटीच्या बागेतलं वातावरण बदलतं. कालपर्यंत ज्या आया एकमेकींना डायपरवरची सूट कुठे चालू आहे ते सांगत होत्या, त्या आता एकमेकींच्या पोरांच्या बुडाकडे तिरप्या नजरेने बघतात. डायपर घातला असेल तर चालण्यात फरक पडतो, तो लपत नाही. आमच्या अंबडच्या कंपनीत एकजण आहे, त्याची मुलगी म्हणे चौदाव्या महिन्यातच ‘बाबा, शू’ म्हणू लागली. दुसऱ्याचा मुलगा तेराव्या. असंच चाललं असतं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाचं तरी मूल पोटात असतानाच सांगू लागलं असतं. पण भोंगा झाला.

मार्चमध्ये आई निफाडहून आली. द्राक्षं उतरायच्या दिवसांत ती घर सोडून आली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल. आल्या आल्या तिने सुनेला सांगितलं, “अगं, हा सव्वा वर्षाचा असताना सांगायचा.” हा म्हणजे मी. या दाव्याला साक्षीदार नाही. वडील होते, पण त्यांना तेव्हाही काही माहीत नव्हतं.

तिची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. मोरीत पाट टाकून बसायचं, पाय पुढे घ्यायचे, दोन पावलांवर मूल बसवायचं, त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली. हाताने त्याच्या काखांना आधार. नळ थेंब थेंब सोडून ठेवायचा, आणि मग बारीक आवाजात, न थकता, ‘श्शूऽऽ, श्शूऽऽ’. वेळ ठरलेली: सकाळचं दूध पोटात गेलं की दहा-पंधरा मिनिटांनी. पोटात काही पडलं की खालचं आतडं हलायला लागतं, याला डॉक्टरी पुस्तकात भारदस्त नाव आहे. आईला ते नाव माहीत नाही, वेळ माहीत आहे.

अडचण मोरीची होती. आमच्या फ्लॅटला मोरी नाही. बाथरूम आहे, त्यात काच आहे, काचेच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे ओलं असं बिल्डरने ठरवून दिलेलं आहे. आईने दोन्ही बाजूंना बसून पाहिलं. एकीकडे पाय मावेनात, दुसरीकडे पाट. शेवटी तिने वॉशिंग मशीन एका अंगाला सरकवलं आणि ड्राय बाल्कनीचा ताबा घेतला. माहितीपत्रकात तिला ड्राय बाल्कनी का म्हटलं होतं, ते नंतर आम्हा कुणालाच आठवेना.

पण काम होऊ लागलं! चौथ्या-पाचव्या दिवसापासून ‘श्शूऽऽ’ म्हटलं की धार. बायकोने मोबाइलवर शोधून सांगितलं, की अमेरिकेत यालाच ‘इलिमिनेशन कम्युनिकेशन’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेऊन वर्ग चालतात. आईने विचारलं, किती पैसे. आकडा ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

या विषयावर मी थोडं वाचन केलं. बापाकडे करण्यासारखं दुसरं काही नसतं. टी. बेरी ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात १,१७० मुलांच्या नोंदी मांडल्या होत्या. त्याचं म्हणणं असं, की मुलाला घाई करू नका, त्याची तयारी झाली की ते आपणहून शिकेल. दिवसाची सवय लागायचं सरासरी वय निघालं साडेअठ्ठावीस महिने. पुढे १९७७ साली त्याच नियतकालिकात केनियातल्या डिगो समाजाबद्दल लेख आला. तिथल्या आया मूल काही आठवड्यांचं झालं की त्याला पायांवर घेऊन बसतात, तोंडाने आवाज करतात, आणि पाच-सहा महिन्यांत पोर त्या आवाजाला तयार होतं. म्हणजे आमची आई. फक्त निफाडऐवजी हिंदी महासागराच्या पलीकडे.

यातला कोण खरा? दोघंही, आणि इथेच फॉर्मवाल्यांची चूक आहे. डिगोंचं बाळ आईच्या आवाजावर तयार होतं. आई नसेल तर आवाज नाही, आवाज नसेल तर काही नाही. मूल ‘ट्रेन’ होतं हे अर्धसत्य आहे. ते कुणाच्या तरी हाताखाली, कुठल्या तरी जागी, कशाच्या तरी इशाऱ्यावर तयार होतं. शाळेने विचारायला हवं, ‘कोण असताना?’

जाता जाता: घाई करू नका म्हणणारे हेच ब्रॅझल्टन १९९८ साली पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले. मोठ्या मुलांसाठी नवा, मोठ्या मापाचा डायपर आला होता. त्यांचं मत ते छत्तीस वर्षांपूर्वीच सांगून बसले होते, त्यामुळे पैशासाठी बदललं असं कुणी म्हणू शकत नाही. पण डायपर कंपनीला ते मत फारच आवडलं असणार. आमच्या घरी पॅन्टसारखा ओढून घालायचा डायपर येतो. तो इतका कोरडा राहतो, की आत काय घडलं याची मालकालाच वर्दी नसते. आईच्या वेळचा सुती लंगोट भिजला की मूल तत्काळ बोंब मारायचं. बोंब मारणं ही सांगण्याची पहिली पायरी. आम्ही ती पायरी महिन्याला दोन पुडे आणून विकत काढून टाकली होती. शिवाय वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे असतात. ते तसे दिले नाहीत तर घंटागाडीवरचा माणूस चारचौघांत पिशवी वर करून “हे कुणाचं?” असं विचारतो, आणि आख्ख्या सोसायटीत लहान मूल एकच असल्यासारखे सगळे आमच्या खिडकीकडे बघतात.

एप्रिलअखेर आईला गावी परतावं लागलं. आवाज गेला. मी ‘श्शूऽऽ’ करून पाहिलं. चिरंजीवांनी ओठावर बोट ठेवलं आणि मलाच गप्प बसवलं. बायकोने मोबाइलवर आईचा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता, तो लावला. आजी कुठे लपली आहे ते शोधायला ते सगळ्या खोल्यांतून फिरले आणि वाटेत, दिवाणखान्यात, गालिच्यावर थांबले.

म्हणून मग मेन रोडवरून मी ते यंत्र आणलं. बदकाच्या आकाराचं, पिवळं, प्लास्टिकचं. त्याच्या तळाशी काहीतरी बसवलेलं होतं. ओलं लागलं की ते गाणं म्हणायचं, ताऱ्यांच्या लुकलुकण्याबद्दलचं ते सुप्रसिद्ध इंग्रजी बडबडगीत. पहिले काही दिवस बदकात गाड्या ठेवल्या गेल्या. मग ते शिरस्त्राण म्हणून वापरलं गेलं. मग एका दुपारी, मे महिन्याच्या ऐन उकाड्यात, चिरंजीव त्यावर टीव्ही बघत नुसतेच बसलेले असताना गाणं वाजलं! त्यांनी खाली वाकून बघितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बायकोने आईला व्हिडिओ कॉल लावला, आईने निफाडहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या पंधरवड्यात त्या गाण्याने आमच्या घरात राष्ट्रगीताचा मान मिळवला. वाजलं की आम्ही उभे राहायचो.

मे हा या कामाला उत्तम महिना, हे कुठल्याही आजीला विचारा. चड्ड्या तासाभरात वाळतात, पोर उघडं फिरलं तरी सर्दी होत नाही. शाळेने परीक्षा मात्र जूनमध्ये ठेवलेली आहे, म्हणजे पावसाला, गारव्याला आणि न वाळणाऱ्या कपड्यांना बोलावून घेऊन. आणि नियम असा, की ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होत असली तर प्रवेश मिळतो. म्हणजे जूनमध्ये वर्गातली काही मंडळी जेमतेम अडीच वर्षांची. ब्रॅझल्टनची सरासरी साडेअठ्ठावीस महिने, आणि सरासरी म्हटली की तिच्या मागे रेंगाळणारी पोरं आलीच. हिशेब शाळेला कळत नसेल असं नाही. पण फॉर्मवर सगळ्यांनी ‘येस’ लिहिलेलं आहे, तर शाळा तरी काय करणार.

शाळा गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या बंगल्यात. कंपाउंडवर जिराफ रंगवलेला. पालकसभेत मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे डायपर चालत नाही, तुमचं मूल इंडिपेंडंट असेल असं आम्ही गृहीत धरतो. सगळ्या आई-बापांनी माना डोलावल्या. मग एक यादी वाटण्यात आली: दप्तरात कपड्यांचे दोन जादा जोड, नाव लिहिलेली प्लास्टिकची पिशवी, एक छोटा टॉवेल. इंडिपेंडंट मुलांना हे कशाला लागतं, ते कुणी विचारलं नाही. मॅडमनी आणखी सांगितलं, की मुलांना एक वाक्य घरून शिकवून पाठवा: मिस, मे आय गो टु द वॉशरूम, प्लीज.

हे वाक्य मी घरी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. मला फार वेळ लागत नाही, पण मी चाळिशीचा आहे आणि मला कळ अजून धरवते. अडीच वर्षांच्या जिवाला कळ आली आणि ती आल्याचं त्याला कळलं, यानंतर हाताशी साधारण दोन शब्दांची सवड असते. ‘मिस, मे’ इथपर्यंत तो कोरडा असेल. आमच्या वेळी मनपाच्या शाळेत ‘बाई, एकीला जाऊ?’ एवढ्यावर भागायचं. ज्याला तेवढाही दम नसे तो नुसती करंगळी वर करून धावत सुटे, आणि बाई फळ्यावरून नजर न काढता मान हलवत.

पहिल्या दिवशी काही झालं नाही, कारण चिरंजीव तीन तास सलग रडले, आणि अंगातलं पाणी त्या वाटेने गेलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुलांचं गोल कडं केलं आणि त्यांना रमवण्यासाठी गाणं म्हणायला घेतलं. कुठलं गाणं, ते सांगायला नको. जगभरातल्या प्लेग्रुपात पहिलं गाणं तेच असतं. पहिली ओळ संपायच्या आत आमचे चिरंजीव, बदकाने शिकवलेल्या पूर्ण शिस्तीत, जागच्या जागी कामाला लागले. चेहऱ्यावर समाधान होतं म्हणे. संपल्यावर त्यांनी टाळ्यांसाठी इकडेतिकडे पाहिलं. दुपारी शाळेतून फोन आला: फॉर्मवर तर येस लिहिलंय? बायको म्हणाली, “मॅडम, ट्रेन्डच आहे हो. तुम्ही गाणं बदलून बघा.” फोनच्या त्या टोकाला बराच वेळ शांतता होती.

व्हॅनवाले काका मॅडमपेक्षा अनुभवी. त्यांनी फॉर्म वगैरे काही भरून घेतला नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, “टेन्शन घेऊ नका साहेब, सीटवर मेणकापड आहे. आणि स्पीडब्रेकर मी हळू घेतो. गच्च भरलेली पोरं स्पीडब्रेकरवरच सुटतात.” चाळीस वर्षांत मी ऐकलेलं हे बालमानसशास्त्रातलं सर्वांत नेमकं विधान.

हे सगळं चालू असताना मला बोर्डी आठवत राहिली. डहाणूजवळच्या त्या गावात १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तेव्हा या बायका शाळाच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी म्हणतात ती तिथली. आणि दिवसाची सुरुवात अक्षरांनी नव्हे, आंघोळीने, नखं कापण्याने, केस विंचरण्याने व्हायची. पोर जसं असेल तसं घ्यायचं आणि धुऊन-पुसून बसवायचं, तेच पहिलं शिक्षण. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा नाव तेच घेतलं, आणि सेविकेच्या जोडीला एक मदतनीस दिली. आज गल्लीतल्या अंगणवाडीत प्रवेश घ्यायला कुणी ‘ट्रेन्ड आहे का’ विचारत नाही. तो प्रश्न फी भरणाऱ्यांसाठी राखीव आहे. आम्ही वर्षाचे पैसे भरून जे काम घरी करून नेतो, ते काम बोर्डीच्या बाया पोरांमागे फिरून फुकटात करत होत्या.

अर्थात जग आमच्याच बाजूला चाललं आहे. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२४ साली कायदाच केला, की बालवर्गात येणारं मूल शी-शूला शिकलेलं हवं. कायद्यापुढे सगळे समान असतात, पण पाच वर्षांच्या मुलाला कळ आली की तो कायद्यापुढे थांबत नाही. आणि आपलं शहर बघा. सिंहस्थाच्या तयारीच्या प्रत्येक बातमीत शौचालयांचा आकडा असतोच. लाखो मोठी माणसं रामकुंडावर आणि तपोवनात येणार, त्यांची सोय कशी करायची, हे नाशिक दर बारा वर्षांनी मनापासून विचारतं. एकाही भाविकाकडून कुणी चौकोनावर खूण करून घेत नाही.

आमचं काम शेवटी मार्गी लावलं ते शाळेतल्या मावशींनी. पालकसभेत त्यांची ओळख करून दिली नव्हती. त्या मागे खुर्च्या लावत होत्या. मॅडमचं इंग्रजी, आईचा ‘श्शूऽऽ’, मी आणलेलं बदक, यातल्या कशाच्याच वाटेला त्या गेल्या नाहीत. साडेदहा वाजले की त्या दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, “चला रे, गाडी आली.” पोरं उठतात. मावशींचा पदर पहिल्याने धरायचा, पहिल्याचा शर्ट दुसऱ्याने, दुसऱ्याचा तिसऱ्याने. ज्याला आली आहे तोही, ज्याला नाही तोही. बंगल्याच्या मागच्या बाथरूमपर्यंत ही गाडी जाते, एकेक डबा आत सोडला जातो, बाकीचे बाहेर ‘झुकझुक’ करत थांबतात. कुणालाही काहीही विचारावं लागत नाही. पुन्हा शाळा सुटायच्या आधी एकदा. मी मावशींना विचारलं, “आली नसेल तर?” त्या म्हणाल्या, “दुसऱ्याची बघून येते साहेब. तुम्हाला नाही येत?”

ऑगस्टपर्यंत दप्तरातली प्लास्टिकची पिशवी कोरडी घरी येऊ लागली. मॅडमनी डायरीत स्मायली काढली. निफाडहून आईने फोनवर स्वतःचं अभिनंदन करून घेतलं, बायकोने सोसायटीच्या बागेत मोठ्याने सांगितलं, की आमच्याला तर फारसं काही शिकवावंच लागलं नाही.

फक्त रविवारी शाळा नसते, हे चिरंजीवांच्या पोटाला अजून कळलेलं नाही. साडेदहा वाजले की ते खेळ टाकून दारात उभे राहतात. आईचा कुर्ता धरतात, आपला शर्ट मागे ओढून दाखवतात, कारण गाडी तीन डब्यांशिवाय सुटत नाही. मग मला पेपर ठेवून उठावं लागतं. दिवाणखान्यातून निघून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, झुकझुक करत आम्ही तिघं बाथरूमशी पोचतो. आधी इंजिन जातं, मग चिरंजीव. त्यांचं आटोपेपर्यंत मी बाहेर थांबतो आणि मग मीही आत जातो, कारण तोपर्यंत खरंच लागलेली असते.